रोह्याचं तिकीट, पेणचा मुक्काम

रोह्याचं तिकीट काढलेलं असताना मी पेणला उतरले. कंडक्टरने माझ्या दोन बॅगा आणि त्यांच्या मुठींना अजून लटकत असलेल्या विमानाच्या चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाला, "ताई, हे पेण हाय. रोहा लांब हाय अजून." मी म्हटलं, "माहितीय. इथेच उतरायचंय." त्याने टपावरून बॅगा काढून दिल्या. गाडी वडखळच्या दिशेने निघून गेली आणि मी मार्चच्या उन्हात, अंगात लोकरीचा स्वेटर घालून, स्टँडवर उभी राहिले. स्वेटर काढून ठेवायला बॅगेत जागा नव्हती आणि तो हातात धरायला हात नव्हता.

जर्मनीत मला साडेतीन वर्षं झाली होती. बारावीनंतर पुण्यात जर्मन शिकले, एक वर्ष तिकडच्या तयारीच्या वर्गात काढलं आणि मग मेकॅनिकल इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. माझे वडील, नाना, रोह्याच्या शाळेत गणित शिकवत. रोह्यात, शेजारच्या अष्टमी नि वरसे गावांत ज्याचं गणित म्हणून काही झालं असेल ते बहुतेक नानांच्या हातून झालेलं. त्यांची मुलगी जर्मनीत इंजिनियर होतेय ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी कुणाला सांगितली नाही. सांगायची गरजच नव्हती, गावाला ती पाठ होती. मी गेले त्या दिवशी स्टँडवर आमच्या घरच्या तिघांखेरीज आणखी पंधरा-वीस माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्यांनी मला नारळ दिले होते. विमानात नारळ नेता येत नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं.

तिकडे एक नियम होता. सक्तीच्या विषयात नापास झालात तर पुन्हा बसता येतं, पुन्हा नापास झालात तर तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा जमलं नाही की विद्यापीठातून नाव कमी होतं, आणि तो अभ्यासक्रम त्या देशात दुसरीकडे कुठेही घेता येत नाही. माझा तो विषय फ्लुइड मेकॅनिक्स. नळातून, पंख्याभोवतून, धरणावरून वाहणाऱ्या गोष्टींचं गणित. दोनदा लेखी परीक्षेत नापास झाले. तिसरी तोंडी होती. प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी मला पाणी दिलं, पाच मिनिटं शांत बसू दिलं, सोप्यातून सुरुवात केली. शेजारी एक तरुण सहायक सगळं लिहून घेत होता. चौथ्या प्रश्नाला त्याचं लिहिणं थांबलं, कारण लिहिण्यासारखं मी काही बोलतच नव्हते. पुढे पुष्कळ दिवस मी लोकांना भाषेचं कारण दिलं. जर्मनमध्ये सुचलं नाही, असं सांगत असे. ते खरं नव्हतं. मला ते मराठीतही येत नव्हतं.

वसतिगृहातल्या स्वयंपाकघरात इव्हा नावाची बल्गेरियन मुलगी माझ्या शेजारच्या शेगडीवर स्वयंपाक करी. थंडीत मी कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून खोलीतल्या हीटरवर ठेवत असे. दीड दिवसात असे मोड येत, की आईला रोह्यात तसे कधी आले नसतील. मग इव्हा आणि मी टेबलाशी बसून ते सोलायचो. सोलता सोलता ती तिच्या आईविषयी बोलायची आणि मी माझ्या. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मी परत आले तेव्हा ती वाल सोलत बसली होती. मला न विचारता तिने ते सोलून संपवले. मी म्हटलं, "मी घरी जातेय." ती म्हणाली, "घरी सांगितलंस?" मी नाही म्हटलं. तिने वालाची टरफलं गोळा केली, टाकली, आणि म्हणाली, "मग आधी कुठे जाणार?" तोवर माझ्या मनाला तसा विचारही शिवला नव्हता. पण ती असं म्हणाली आणि मला आत्या आठवली.

आत्या नानांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. पेणच्या पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाली आणि पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. उन्हाळ्यात शेजारच्या दोन बायकांना घेऊन पोह्यांचे पापड करायची. मी दारात उभी राहिले तेव्हा ती उखळापाशी होती. पोह्यांच्या पिठात पापडखार, हिंग, तिखट घालून भिजवलेला गोळा कुटण्याचा एक दबका, ओला आवाज असतो, धप्प, धप्प. तो थांबला. आत्याने माझ्याकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं, स्वेटरकडे बघितलं.

"शुभे, तू कधी आलीस गो?"

"आत्ता."

"रोह्याला जाऊन आलीस?"

"नाही."

तिने पिठाचा एक छोटा गोळा तोडला, तेलात बुडवला आणि माझ्या हातावर ठेवला. कच्ची लाटी. लहानपणी आम्ही त्यासाठी भांडायचो. मी ती दारातच, चपला न काढता खाल्ली आणि मग तिथेच बसून आत्याला सगळं सांगितलं. शेजारच्या बायका समजूतदारपणे गच्चीवर पापड उलटायला गेल्या.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राहा हवं तेवढं. पण एक ऐकून ठेव. खोटं मी बोलणार नाय. भावाने मला विचारलं तर सांगेन. विचारलं नाय तर आपणहून काही सांगणार नाय. हे चालत असेल तर आत ये."

मला ते चालण्यासारखंच होतं. नाना आत्याला असं कशाला विचारतील, की शुभा तुझ्याकडे आहे का? ज्याची मुलगी जर्मनीत आहे तो माणूस हे विचारत नाही.

आत्याच्या घरी दिवस लवकर सुरू व्हायचा. सकाळी ऊन वर येण्याआधी लाट्या करून घ्यायच्या, मग लाटायला बसायचं. पापड इतका पातळ लागे, की पोळपाटाच्या लाकडाची रेघ आरपार दिसली पाहिजे. माझे पहिल्या दिवशीचे पापड आत्याने बाजूला ठेवले आणि दुपारी आमच्या दोघींच्या जेवणात तळले. आठवडाभरात माझा पापड बाकीच्यांच्यात मिसळू लागला. दुपारी गच्चीवर पाखरं हाकायला मी बसायची. खाली स्टँडकडून गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे, आणि दर तासाला कर्ण्यावरून रोह्याच्या गाडीची घोषणा. पहिले काही दिवस ती घोषणा झाली की मी गच्चीच्या कठड्यापासून आत सरकत असे, जणू गाडीत बसलेल्या कुणाला मी दिसणार होते.

फोनचा प्रश्न होता. जर्मनीतून मी दर रविवारी संध्याकाळी घरी फोन करत असे. तो चुकवला असता तर आई घाबरली असती. आत्याच्या घरच्या फोनवरून, तिच्यादेखत, खोटं बोलवणार नव्हतं म्हणून पहिल्या रविवारी मी दोन गल्ल्या पलीकडच्या एसटीडी बूथमध्ये गेले, काचेचं दार घट्ट लावलं आणि पेणहून रोह्याला फोन लावला. नानांनी उचलला. "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "हो, बरी आहे." अभ्यास कसा चाललाय, चांगला चाललाय. मग आईने घेतला. काय जेवलीस, वाल आहेत का अजून, मेतकूट पाठवू का कुणाबरोबर. मी म्हटलं, "सगळं आहे, काही पाठवू नकोस." तीन मिनिटांत संपलं. बाहेर आले तेव्हा पाठ घामाने भिजली होती, पण मनात म्हटलं, जमतंय.

दुसऱ्या रविवारी नानांनी विचारलं, "बर्फ आहे का अजून?"

आता यावर 'नाही, संपला' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्या माणसाला जरुरीपेक्षा जास्त बोलायची खोड असते. मी बर्फाचं वर्णन केलं. रात्री पुन्हा पडला, सायकलींच्या बैठकांवर टोप्या घातल्यासारखा दिसतोय, रस्त्यावर खडी टाकलीय, तरी पाय घसरतो. बूथमधला छोटा पंखा माझ्या डोक्यावर गरम हवा ढकलत होता. नाना ऐकत होते. मग म्हणाले, "सांभाळून चाल."

तिसऱ्या रविवारीही तसंच झालं. त्या वेळी त्यांनी विचारलं, "पुढची परीक्षा कधी?" मी एक तारीख सांगितली.

आता मी वरशात राहते, आणि इथे आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी आयर्लंडला शिकते. तिची आई फोन हातात धरून तिला कढईतली भाजी दाखवते आणि ती तिकडून सांगते, अजून थोडं पाणी घाल. असली सोय आमच्या वेळी असती तर माझी लबाडी पहिल्याच संध्याकाळी उघडी पडली असती आणि हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. बरं झालं असतं की वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही.

तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी दुपारी आम्ही जेवत होतो. आत्याने केळफुलाची भाजी केली होती. ती एकदम म्हणाली, "काल भावाचा फोन होता."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"दर सोमवारी करतोय हल्ली. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी करतो. पापड कसे चाललेत, गुडघा कसा आहे. काल म्हणाला, 'ताई, जेवण दोन माणसांचं करतेस ना?'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, करते."

आत्या ताटातली भाजी नीट निवडून खात होती. म्हणाली, "शुभे, तो मला विचारत नाय बघ. मी खोटं बोलणार नाय हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. विचारलं तर मला सांगावं लागेल, आणि मी सांगितलं तर तुझं सांगायचं राहून जाईल. म्हणून विचारत नाय. त्याला माहितीय गो सगळं."

मी हात धुऊन उठले. बॅग भरायला घेतली. आत्या म्हणाली, "आधी ताटातलं संपव." ते संपवलं आणि मगच निघाले.

पेणहून रोह्याला जायला तेव्हा एसटीने दीड-दोन तास लागत. वडखळला गाडी नेहमीसारखी रेंगाळली, अलिबागची माणसं उतरली, कलिंगडवाले खिडक्यांशी आले. नागोठणं मागे पडलं, भिसे खिंड आली, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. नियम असा आहे. भाषा अवघड असते. पुष्कळजण नापास होतात. घराच्या फाटकापाशी पोहोचेपर्यंत त्यातलं एकही वाक्य शिल्लक उरलं नव्हतं.

नाना ओटीवर बसून दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, "नाना, मी नापास झाले. तिसऱ्यांदा. तिथून नाव कमी केलंय माझं."

"बस," ते म्हणाले. "उन्हातून आलीस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नापास झालीस ते नव्हतं माहीत. तू पेणला आहेस, एवढं माहीत होतं."

"कसं?"

नानांनी ते वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. जर्मनीतून फोन आला की त्यांनी प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला थोडा वेळ लागे, मनात एक-दोन म्हणेपर्यंत. त्यांचाच आवाज मागून परत ऐकू येई. साडेतीन वर्षं दर रविवारी असंच चाललं होतं. "त्या रविवारी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू हो म्हणालीस. म्हटलं, ही जवळ आहे. जवळ असून घरी येत नाय म्हणजे कुठे जाईल? ताईकडे. सोमवारी फोन केला तर मागे आतल्या खोलीतून लाटण्याचा आवाज येत होता, आणि ताई तर माझ्याशी बोलत होती. शेजारच्या बायका सोमवारी येत नाहीत, बाजार असतो."

"मग तुम्ही बर्फाचं कशाला विचारलंत?"

ते म्हणाले, "वाटलं, आता तरी सांगशील."

इतकी लाज मला तिसऱ्या परीक्षेच्या खोलीतून बाहेर पडतानाही वाटली नव्हती. सायकलींच्या बैठकांवरच्या त्या टोप्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

आई आतून बाहेर आली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ना माझं नापास होणं, ना पेण. तिने आधी माझ्याकडे आणि मग नानांकडे बघितलं. ती माझ्यावर रागावली त्यापेक्षा नानांवर जास्त रागावली. "दोन आठवडे तुम्हाला माहीत होतं, आणि मी इथे हिला तिकडे पाठवायला मसाला कुटतेय? पोरगी चाळीस किलोमीटरवर बसलीय आणि मी तिच्या थंडीची काळजी करतेय? तुम्ही बापलेक हुशार आहात, तुमचं तुम्ही बघा." ती आत गेली. दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यापुढे गोड्या मसाल्याचा डबा ठेवला आणि म्हणाली, "हा आता इथेच संपव." त्यावरून मी समजले, की निवळलं.

नानांनी मला रागावून काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते असं, "प्रश्न काय होते?" तोंडी परीक्षेतले मला नीटसे आठवत नव्हते, पण दुसऱ्या परीक्षेचा कागद माझ्या बॅगेत होता. मी त्यांना एक प्रश्न मराठीत सांगितला. एक टाकी, तिच्या तळाशी वाकडी नळी, नळीच्या टोकाशी असा असा दाब, तर टाकी रिकामी व्हायला किती वेळ लागेल. नानांनी पाठकोरे कागद घेतले आणि ओटीवर बसले. उत्तरपत्रिका आटोपल्या की ते त्याला लागत. माझं जाड पुस्तक त्यांनी मागून घेतलं. भाषा येत नव्हती, पण समीकरणं वाचता येत होती. मधेच मला हाक मारून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारत. हे असं तीन दिवस चाललं. मी आतून बघत असे. अर्धं पान भरायचं, मग खोडायचं, मग नवं पान.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कागद एकावर एक लावून माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "मला नाय येत हे."

नानांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांनी वाईट वाटून म्हटलं नाही, की माझी समजूत काढायला म्हटलं नाही. तीन दिवस खटपट केली आणि जे दिसलं ते सांगितलं. मग विचारलं, "तुला येतं का आता?"

"नाही."

"आवडतं?"

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

"तिकडे आवडलं असं काही होतं का?"

मी विचार केला. दुसऱ्या वर्षी एका मैत्रिणीच्या जागी मी आठवडाभर भूमापनवाल्या मुलांबरोबर डोंगरात गेले होते. तिपाईवर दुर्बीण लावायची, कोन वाचायचे, वहीत उतरवायचे, आणि संध्याकाळी सगळ्या रेघा एकमेकींना येऊन मिळतात की नाही ते बघायचं. त्या मिळाल्या होत्या. मी नानांना ते सांगितलं.

"मोजणी म्हणजे," नाना म्हणाले.

"हो. मोजणीच."

"ती पण शिकवतात का तिकडे? नियम आडवा येत नाय?"

नियम आडवा येत नव्हता. विषय वेगळा होता. तरी मी त्याच देशात परत गेले नाही, ऑस्ट्रियात गेले. जर्मनीत दिलेल्या गणिताच्या परीक्षा त्यांनी तिथे धरल्या, चार वर्षांत पदवी झाली. पुढची वीसेक वर्षं बोगदे आणि पूल मोजण्यात गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, काम चांगलं होतं. पण ते सगळं त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरचं. तोवरचे महिने मी रोह्यात होते, आणि पहिले काही दिवस घराबाहेर पडले नव्हते. कुणी आलं की आतल्या खोलीत जायची. आई पाहुण्यांना काय सांगायची ते मी ऐकायचं टाळत असे.

चौथ्या की पाचव्या दिवशी नाना पिशवी घेऊन माझ्या खोलीच्या दारात आले. "चल, मासळी आणू."

मी म्हटलं, "तुम्ही या जाऊन."

"पिशवी दोघांनी धरावी लागते," ते म्हणाले. हे साफ खोटं होतं, एवढीशी कापडी पिशवी होती ती. पण ते दारातून हलेनात. मी चपला घातल्या.

बाजारात शिरल्यापासून माणसं भेटत होती. नमस्कार सर, नमस्कार. बघून हसत, माझ्याकडे बघून जरा जास्त हसत. मासळीवाली, जिच्याकडून आमच्याकडे कायम मासे येत, तिने मला ओळखलं. "मास्तर, लेक आली काय तुमची? सुट्टी पडली तिकडं?"

मी खाली बघितलं. पाटीत कोलंबी होती, बाजूला दोन-चार बोयटं. नाना काय सांगतील ते मला माहीत होतं, कारण कुणीही तेच सांगितलं असतं. हो, सुट्टी आहे. एवढं म्हटलं असतं की संपलं असतं.

"सुट्टी नाय," नाना म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीएवढाच होता, म्हणजे वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "नापास झाली तिकडे. तीनदा झाली, म्हणून परत आली. कोलंबी कशी दिलीस?"

मागे उभ्या असलेल्या दोन बायकांचं बोलणं थांबलं. मासळीवालीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि हाताने कोलंबी वरखाली करत म्हणाली, "माझा थोरला दहावीला दोनदा बसला, मास्तर. तुमच्याच इषयात."

"माहितीय मला," नाना म्हणाले. "दुसऱ्यांदा चांगले पाडले होते त्याने."

"व्हय. आता कंपनीत हाय, शिफ्टला." तिने दोन मुठी कोलंबी पिशवीत टाकली आणि मला विचारलं, "मग आता काय करनार गो तू?"

उत्तर मला द्यायचं होतं. मी म्हटलं, "दुसरं काहीतरी शिकेन."

"शिक," ती म्हणाली आणि पाटीतली आणखी थोडी कोलंबी वर घातली.

घरी येऊन मी मागच्या दारी कोलंबी सोलायला बसले. आईने भात चढवला, वाटण काढलं, मला म्हणाली, "पाठीतला काळा धागा नीट काढ." मी काढत होते. आल्या दिवसापासून पहिल्यांदा मला सडकून भूक लागली होती.